सावलीत ठेवलेली आंबापोळी

ज्या गच्चीवर ही गोष्ट घडली, ती गच्ची आता नाही. बोरिवलीला त्या जागी हिरवे पत्रे उभे आहेत, आत क्रेन फिरते, आणि पत्र्यांवर एक हसरं कुटुंब रंगवलेलं आहे, ज्यातलं कुणीही त्या सोसायटीत कधी राहिलेलं नाही. रविवारी सायकलने तिथून जाताना मानसी एक पाय टेकवून थांबते आणि वर बघते. चौथ्या मजल्याच्या वर, जिथे पाण्याची टाकी होती, तिथे काही दिसत नाही. तरी ती बघतेच.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना होता. मानसी परब शाळेच्या लायब्ररीत कामाला, त्यामुळे सुट्टी. आणि सुट्टीवर असलेल्या मुलीला मे महिन्यात काय काम असतं, हे तिच्या आईला, सुगंधाबाईंना, बरोबर ठाऊक होतं. त्यांनी सकाळी सहा ताटांना तुपाचा हात लावून त्यावर आमरस पसरला होता. गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नव्हते. म्हणून मानसीने ताटं वर नेऊन उन्हात मांडली, आणि साडेअकराला बघायला गेली तर ताटं जागेवर नव्हती.

त्या जागी दहा-बारा कागदी बशा होत्या. एकीत चॉकलेट, एकीत गुळाची चिक्की, एकीत डिंकाचा लाडू, एकीत चक्क सोललेलं केळं. प्रत्येक बशीला नंबराची चिठ्ठी. आणि या सगळ्याच्या मध्ये डोक्यावर ओला पंचा घेतलेला एक मुलगा उकिडवा बसून वहीत काहीतरी लिहीत होता.

तो बी विंगमधला, सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा यांचा मुलगा निहार. इमारत एक, पण जिने दोन. मानसी ए विंगमधून चढायची, तो बीमधून. पंचवीस वर्षं दोघं एकाच गच्चीखाली राहिले आणि दिवाळीतल्या शुभेच्छांपलीकडे एक वाक्य बोलले नाहीत. मुंबईत असं होतं.

"माझी ताटं कुठायत?" मानसीने विचारलं.

"सावलीत ठेवली." त्याने टाकीच्या मागे बोट दाखवलं, अगदी उपकार केल्यासारखं. "कडक ऊन आहे ना. खराब झाली असती."

मानसी त्याच्याकडे बघतच राहिली. "ती आंबापोळी आहे. तिला ऊनच लागतं."

"म्हणजे… वाट लागली?"

"पोळीची नाही. तुझी लागणार. आई खाली आहे."

आईने त्याला घरी बोलावून घेतलं. रागावली की ती मालवणीत शिरायची, आणि त्या दिवशी ती चांगलीच आत शिरली. दोन तास सावलीत राहिलेली पोळी आंबट होते, चिकट राहते, हे सगळं त्याने खाली मान घालून ऐकलं आणि शेवटी विचारलं की आता तो काय करू शकतो. आईने लगेच शिक्षा सुनावली. पोळी सुकेपर्यंत रोज दुपारी गच्चीवर राखण करायची. कावळा, कबूतर, काही बसता कामा नये. मानसी असेलच बरोबर, त्याच्यावर नजर ठेवायला.

शिक्षा म्हणून तो आला, पण दुसऱ्या दिवशी छत्री, माठातलं पाणी आणि आपल्या बशा घेऊन आला. दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा तो, त्याचे क्लास सकाळ-संध्याकाळ, दुपार मोकळी. बशांचं प्रकरण त्याने तेव्हा सांगितलं. त्यांचा आठ जणांचा सायकलचा ग्रुप. एरवी आरे कॉलनीत फेरी असते, पण दर मे महिन्यात एकदा वसईचा किल्ला. गेल्या वर्षी खाऊची जबाबदारी निहारवर होती आणि त्याने पेढे नेले होते. ते पाठीवरच्या बॅगेत तीन तास उन्हात होते. किल्ला बघायला गेलेल्या आठही जणांनी किल्ला बघितला नाही. ते शौचालयाच्या रांगेत उभे होते.

"तेव्हापासून मला ग्रुपमध्ये पेढेवाला म्हणतात," तो म्हणाला. "यंदा मी आधी सगळं उन्हात ठेवून बघणार."

त्याचे नियम होते. एका हाताने खाता आलं पाहिजे, कारण दुसरा हँडलवर. बोटांना चिकटायला नको. खाल्ल्यावर तहान वाढायला नको. मानसीने वही मागून घेतली आणि त्याच्या सुबक अक्षराखाली चौथा नियम लिहिला : खाल्ल्यावर बरं वाटलं पाहिजे. त्याने तो वाचला, थोडा वेळ विचार केला आणि त्यापुढे कंसात "महत्त्वाचं" असं लिहिलं.

मग काय, दुपारी मजेत जायला लागल्या. चॉकलेट अर्ध्या तासात पिता येईल इतकं पातळ झालं. चिक्की कागदाला अशी बसली की खायची तर कागदासकट. डिंकाच्या लाडवाने आपलं सगळं तूप बशीत सोडून दिलं. महागातला एनर्जी बार दिसायला तसाच्या तसा राहिला, पण चावल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बशी गुपचूप बाजूला सरकवली. खारे शेंगदाणे टिकले, मात्र मूठभर खाऊन मानसी अर्धा माठ पाणी प्यायली. राजगिऱ्याची वडी एका हाताने तोडताना तिचे दाणे निहारच्या दाढीत अडकले, आणि तिने हसत हसत सांगितलं, डावीकडे… नाही, अजून खाली… थांब. तिने ते काढले नाहीत. नुसता हात पुढे गेला होता, तो मागे घेतला. दोघंही मग बराच वेळ कावळ्यांकडे फार लक्ष देऊन बघत बसले.

पाचव्या दिवशी पोळी सुकली. आईने ती ताटातून सोडवली, पातळ, लालसर, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल अशी, आणि सुरीने कडा कापून सरळ केल्या. परबांच्या घरात एक रीत होती. चौकोनी पोळी पाहुण्यांची, नातेवाइकांची. कापलेल्या कडा राखण करणाऱ्याच्या. लहानपणी त्या कडांसाठी मानसी मावसभावंडांशी भांडायची. आईने कडांचे दोन वाटे केले. शिक्षा झालेल्या माणसाला वाटा कशाला, असं मानसीने मुद्दाम विचारलं. राखण केली की वाटा मिळतो, एवढंच आई म्हणाली.

निहारने आपल्या वाट्यातली एक कड बशीत ठेवली. नंबर सतरा. दोन तास कडक उन्हात. ती विरघळली नाही, चिकटली नाही, एका हाताने दातात धरून तुटली. आणि खाल्ल्यावर डोळे मिटावेत इतकं बरं वाटलं.

"उन्हात बनलेली वस्तू उन्हात कशी बिघडेल," मानसी म्हणाली. "एवढं साधं होतं. तू उगीच केळं सोलत बसलास."

"उगीच नाही," निहार म्हणाला. "पहिल्या दिवशीच सापडलं असतं तर चार दिवस काय केलं असतं आपण?"

हे 'आपण' तिने खाली घरी नेलं, रात्री उशीखाली ठेवलं, आणि सकाळी उठल्यावर ते तिथेच होतं.

त्या रविवारी तो वसईला जाऊन आला. बाराला घामाने निथळत, सायकल तळमजल्यावर टाकून, थेट गच्चीवर. कडा टिकल्या होत्या. ग्रुपने त्यांचा फडशा पाडला, शिवाय किल्लाही बघितला. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक कड. "ही तुझ्यासाठी ठेवली. वसईला जाऊन आलीय ती." कड हातात घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. ऊन इतकं होतं की कुणाचा हात जास्त तापलाय ते कळेना.

आता इथे गोष्ट संपली असती तर किती बरं होतं. पण त्याच संध्याकाळी अण्णांनी दोन्ही जिन्यांत नोटीस लावली. इमारत पुनर्विकासाला जाणार हे दोन वर्षं चाललंच होतं. आता तारीख आली. एकतीस मेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करून किल्ल्या सेक्रेटरींकडे द्याव्यात.

"तुम्ही कुठे जाणार?" दुसऱ्या दिवशी गच्चीवर निहारने विचारलं.

"मुलुंडला. मामाचा फ्लॅट रिकामा आहे. आणि तुम्ही?"

"इथेच, बोरिवलीत. अण्णांना साइटवर लक्ष ठेवायचंय." तो थांबला. "मुलुंड… तीन वर्षं?"

"बिल्डर म्हणतो तीन."

तो आता काहीतरी बोलेल, असं मानसीला वाटलं. ती वाट बघत राहिली. त्याने वहीतून एक चिठ्ठी फाडली, त्यावर काहीतरी लिहिलं, वाचलं, आणि घडी करून खिशात टाकली. बोलला मात्र काही नाही. मानसीला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तोंड तर तिलाही होतं.

गावाहून मामाने रायवळ आंब्यांची करंडी पाठवली, आणि आईने शेवटची आंबापोळी घालायला घेतली. या गच्चीवरची शेवटची. लग्न होऊन बोरिवलीला आल्यापासून एकही मे तिने चुकवला नव्हता. तीस वर्षांची पोळी या एका गच्चीवर सुकली होती, आणि आता मुलुंडच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं.

आईच्या गुडघ्यांचं कारण सांगून निहारने सकाळची जबाबदारी आपल्याकडे घेतली. रात्री जिन्याच्या माथ्यावर ठेवलेली ताटं सातला तो बाहेर मांडणार, क्लास आटोपून अकराला येणार, मग दोघांची राखण, एकला तो जेवायला जाणार, आणि पुढे चारपर्यंत मानसी. अगदी चोख बंदोबस्त. पण पोळी काही सुकेना. चौथ्या दिवशी ओली, पाचव्या दिवशी ओली. आठव्या दिवशी निहार ताटात बोट टेकवून गंभीरपणे म्हणाला की हवेत दमटपणा फार आहे यंदा. मानसी म्हणाली, हो ना, रायवळाला रसही जास्त असतो. दोघांनी एकमेकांचं ऐकून मान डोलावली. पोळी सुकेपर्यंत राखण करायची हा आईचा हुकूम होता, आणि हुकूम मोडणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं.

नवव्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, दुपारी तीनला, सुगंधाबाई कठड्याला धरत, पायरीपायरीवर थांबत स्वतः वर आल्या.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. आणि सहाच्या सहा ताटं टाकीच्या पूर्वेला, दुपारच्या गार सावलीत, ओळीने मांडलेली होती. बाजूला मानसी पाय पसरून पुस्तक वाचत बसली होती. ती अशी ताडकन उठली की पुस्तक ताटातच पडता पडता राहिलं.

"ही ताटां हय कोणी ठेवली?" आईने विचारलं.

मानसीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत विसरलेली वही न्यायला बी विंगच्या जिन्यातून निहार आला. आईला बघितलं, ताटं बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, मी ठेवली," तो म्हणाला. "आजच नाही. रोज ठेवतो. सकाळी आलो की टाकीच्या पश्चिमेला मांडतो, तिकडे अकरापर्यंत ऊन येत नाही. मानसीला यातलं काही माहीत नाही. तिला बोलू नका."

मानसी त्याच्याकडे वळली. "तू… सकाळी?"

"हो. सॉरी."

"अरे, पण ही आत्ताची मी ठेवलीत." तिचा आवाज बारीक झाला. "तू जेवायला गेलास की मी इकडे सरकवते. पूर्वेला. रोज."

आई एकदा याच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"सकाळी ह्यो पश्चिमेक ठेवता, दुपारी तू पूर्वेक ठेवतस," ती सावकाश म्हणाली. "मगे माझ्या पोळयेक ऊन गावला कधी?"

"अकरा ते एक," निहार प्रामाणिकपणे म्हणाला. "तेव्हा आम्ही दोघं इथे असायचो ना."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मानसीने आईकडे बघितलं. डोळ्यांत पाणी येत होतं, पण ती बोलली. "मला ती सुकायला नको होती, आई. सुकली की राखण संपणार. तुझी शेवटची पोळी होती, हे माहीत असून केलं मी. चुकलं माझं."

"माझंही," निहार म्हणाला, आणि मग हळूच, "पण मलाही नको होती सुकायला."

आईने वाकून एका ताटाची कड नखाने उचलली, जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं. आंबट झाली होती. पाहुण्यांना देण्यासारखी नव्हती. मग ती ताटं एकेक करून स्वतः उन्हात ओढायला लागली. दोघं मदतीला धावले तर तिने हात वर करून थांबवलं.

"तीन दिवस ऊन आसा अजून. आता मीच बसतंय छत्री घेवन." तिने टाकीकडे मान उडवली. "तुमका सावलेची येवढी हौस आसा, तर तुम्ही बसा थंय."

पोळीऐवजी मग ती दोघं टाकीच्या सावलीत बसली. आई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून. तिची पाठ हसत होती की काय, हे मानसीला शेवटपर्यंत कळलं नाही.

निहारने खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. घामाने अक्षर फुटलं होतं. 'बोरिवली–आरे–पवई–मुलुंड. सत्तावीस किमी. दीड तास.'

"त्या दिवशी हे लिहिलं होतंस?"

"हो."

"आणि मुलुंडला येऊन काय करणार?"

"परत जाणार."

"वेडा आहेस."

"आणि पुढच्या रविवारी पुन्हा येणार."

"चिठ्ठ्या काय लिहितोस रे," मानसी म्हणाली. "तोंडाने सांग ना."

त्याने पाठमोऱ्या आईकडे एकदा बघितलं. "तू आवडतेस मला. खूप." मग जरा थांबून, "चौथा नियम लिहिलास ना, तेव्हापासून."

मानसीने ती चिठ्ठी घडी करून आपल्या मुठीत ठेवली, आणि मूठ त्याच्या हातात.

एकतीसला अण्णांनी दोन्ही जिन्यांच्या किल्ल्या गोळा केल्या, प्रत्येकीला घराचा नंबर बांधला आणि शेवटी गच्चीला कुलूप लावलं. टेम्पोत आईच्या मांडीवर एक डबा होता. काळपट, आंबट पोळी शेवटी सुकली होती. तिचे दोन वाटे झाले, एक मुलुंडला गेला, एक बोरिवलीत राहिला. या वेळी कडा कापल्या नव्हत्या. सगळीच पोळी राखण करणाऱ्यांची होती.

जूनचा पहिला रविवार. पावसाचा पत्ता नव्हता, नऊलाच ऊन चटके देत होतं. निहार साडेसातला निघणार होता, आणि मानसी मुलुंडच्या अनोळखी खिडकीत उभी. साडेनऊ झाले, दहा, साडेदहा. दीड तासाचे तीन तास झाले. तो येणारच नसेल तर… हा विचार तिने दहा वेळा परतवून लावला. आई आत काहीही काम नसताना भांडी घासत होती.

अकराला खाली घंटी वाजली. पवईला पंक्चर झालं होतं आणि दुकान उघडेपर्यंत तो उन्हात बसून होता. चेहरा लालबुंद, शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने बॅगेतून डबा काढून उघडला. आत पोळीची एक गुंडाळी, जशीच्या तशी.

"एवढा वेळ उन्हात बसलास आणि ही खाल्ली नाहीस?"

"एकट्याने नाही खायची, असं ठरवलं होतं," तो म्हणाला. "आणि बघायचं होतं, इथपर्यंत टिकते का."

"मग?"

"टिकली."

आतून आईने भांड्यांच्या आवाजातून ओरडून विचारलं, "राखणदार इलो काय गो?"

पुढचे रविवार मानसीने खिडकीत काढले नाहीत. तिने सायकल घेतली. तो बोरिवलीहून निघायचा, ती मुलुंडहून, आणि आरेच्या एका वळणावर, झाडाखाली, दोघं भेटायची. डब्यात कधी काय असायचं, कधी काय. गेल्या डिसेंबरात लग्न झालं, आणि आता दोघं एकाच दारातून निघतात. कधीकधी मानसीला त्या अर्ध्या रस्त्याची फार आठवण येते.

परवा अण्णांच्या घरी नव्या इमारतीचा सुधारित नकाशा आला. तेवीस मजले. जिम, बाग, मुलांसाठी तलाव. सुगंधाबाईंनी चष्मा लावून फक्त गच्ची शोधली. तिथे सोलरची पॅनेलं होती. अण्णांनी तत्परतेने सांगितलं की त्यांनी भांडून एक कोपरा उघडा ठेवून घेतलाय, वाळवणासाठी.

"टाकी कोणत्या बाजूला?" आईने विचारलं. "सावली पडता कामा नये हां, अण्णा. सकाळची नको आणि दुपारची नको."

अण्णा पेन्सिल शोधायला लागले. टेबलाखाली मानसीचा हात निहारच्या हातात होता.

"थोडी पडू द्या ना, अण्णा," ती म्हणाली.